गेटबाहेरचे तास

(पिंपरीत तरुणांच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला सांगितलं गेलं की ‘स्वतःचा धंदा’ या विषयावर बोला. मी धंदेवाला वगैरे नाही, टेम्पो चालवतो. चिखली ते चाकण, चाकण ते भोसरी, चौदा-पंधरा वर्षं झाली. तुमच्यापैकी कुणाच्या घरी टेम्पो, पिकअप, छोटा हत्ती आहे? जरा हात वर करा. बघा, निम्मे तरी हात वर आले. म्हणजे मी काय सांगणार ते तुम्ही रोज संध्याकाळी जेवताना ऐकत असाल.

तरी बोलतो, कारण माझा भाचा मागच्या रांगेत बसलाय. त्याचा आयटीआय झालाय, एका कंपनीत काँट्रॅक्टवर आहे आणि त्याला पिकअप घ्यायची आहे. गेले तीन महिने रोज विचारतो, “मामू, घेऊ की नको?” घरी मी उत्तर दिलं नाही. इथे देतो, म्हणजे त्याला चारचौघांत भांडता येणार नाही. (हशा)

आधी या गाडीबद्दल थोडं. आपण ज्याला टेम्पो म्हणतो, तो शब्द मुळात एका जर्मन कंपनीचं नाव आहे. १९५८ साली त्यांच्या सहकार्याने बजाज टेम्पो सुरू झाली, पुढे कारखाना आपल्या आकुर्डीत आला. तीनचाकी टेम्पो, मग मॅटाडोर. आज चारचाकी असो, कुठल्याही कंपनीची असो, आपण टेम्पोच म्हणतो. गंमत म्हणजे २००५ साली त्या कंपनीने नाव बदलून फोर्स मोटर्स केलं आणि त्याच वर्षी टाटांनी ‘एस’ आणली, आपला छोटा हत्ती. दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं इंजिन, पाऊण टन माल. पहिल्या गाड्या पिंपरीच्याच कारखान्यातून निघाल्या, नंतर ते काम उत्तराखंडात पंतनगरला गेलं. म्हणजे ही गाडी आपल्या गावची लेक आहे म्हणा. ती आल्यावर माझ्यासारख्या नववी नापास माणसाला पहिल्यांदा वाटलं की आपणही गाडीमालक होऊ शकतो.

मी २००६ ला लातूर जिल्ह्यातून, औशाकडून आलो. पाच वर्षं भोसरी एमआयडीसीत प्रेसवर हेल्परचं काम केलं. २०११ ला गाडी घेतली. अब्बांचा हट्ट होता की व्याजाचा पैसा नको. मी त्यांचा मान ठेवला. गावाकडचं थोडं विकलं, भिशी उचलली आणि २००७ ची जुनी गाडी रोख घेतली. हप्ता नाही, छान वाटलं. पण जुन्या गाडीचा हप्ता गॅरेजला जातो. पहिल्या वर्षात सेल्फ, रेडिएटर, क्लच प्लेट आणि मागचे दोन्ही पाटे. व्याज घ्यावं की नाही हे ज्याने त्याने आपल्या घरात ठरवावं, मी त्यात पडत नाही. एवढंच सांगतो की रोख घेतलेली गाडी फुकट पडत नाही, आणि हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

आता दिवस कसा असतो ते ऐका.

पहाटे साडेचारला उठायचं. बायको डबा करते, मी खाली जाऊन गाडी बघतो. चिखलीतल्या व्हेंडरकडे सहाला माल भरायचा. प्रेसचे पार्ट असतात, प्लास्टिकच्या क्रेटमध्ये. चलन घ्यायचं, ई-वे बिल लागत असेल तर ते घ्यायचं, फाळका लावायचा, पावसाळा असेल तर ताडपत्री आणि दोर. देहू-मोशी रस्त्याने मोशी, इंद्रायणीचा पूल, चिंबळी फाटा, कुरुळी, आळंदी फाटा, मग चाकणचा तळेगाव चौक. तो पार झाला की डावीकडे महाळुंगे. सगळं मिळून वीस-बावीस किलोमीटर. रिकाम्या रस्त्याला पाऊण तास. आणि रिकामा रस्ता आम्हाला मिळतो तो ईदच्या सुट्टीत आणि दिवाळीच्या पाडव्याला.

तरी रस्त्याचं दुःख मी सांगत नाही, ते वर्तमानपत्रात येतं. मी गेटचं सांगतो, कारण ते कुठेच येत नाही.

गेटवर पोचलो की एंट्री. सिक्युरिटीवाला चलन बघतो, पीयूसी बघतो, पायात सेफ्टी शूज आहेत का बघतो, नंबर देतो आणि सांगतो, बाजूला लाव. बाजूला म्हणजे रस्त्यावर. तिथे आधीच चाळीस गाड्या. आत डॉक रिकामा झाला, लाइनवर माल लागला की तुमचा नंबर. कधी तासाने, कधी पाच तासांनी. आत गेल्यावर मोजणी, क्वालिटीवाल्याची सही, रिकामे क्रेट परत घ्यायचे. एखादा पार्ट नापास झाला तर सगळा लॉट परत, आणि त्या परतीच्या फेरीचं भाडं कोण देणार यावर दोन दिवस फोन.

भाडं कशाचं मिळतं? फेरीचं. गाडी उभी राहिली त्याचं नाही.

मला बरीच वर्षं वाटायचं की हा आळशीपणा आहे. सुपरवायझर नालायक आहे, सिक्युरिटीवाला मुद्दाम करतो. मग एका कंपनीतल्या स्टोअरच्या माणसाने चहा पिताना समजावलं. मोठ्या कारखान्यात आता माल साठवत नाहीत. लागेल तेव्हा, लागेल तेवढाच आणायचा. जपानमध्ये टोयोटाने रूढ केलेली पद्धत आहे, ‘जस्ट इन टाइम’ म्हणतात. गोदाम बांधायला नको, त्यात पैसा अडकायला नको. मी त्याला विचारलं, “साहेब, मग लाइनवर अचानक जास्त माल लागला तर?” तो हसला आणि बाहेरच्या रांगेकडे बोट दाखवलं.

त्या दिवशी मला कळलं की गोदाम आहे, आणि ते आम्ही आहोत. माल माझ्या हौद्यात आहे, गाडी माझी, डिझेल माझं, हप्ता माझा, आणि रात्री ताडपत्रीखाली मालाची राखण करणाराही मीच. माल भिजला तर डेबिट माझ्या नावावर. चाकणला बजाजचा कारखाना १९९९ ला आला, फोक्सवॅगन २००९ ला, महिंद्रा २०१० ला, आणि त्यांच्या मागून शेकडो लहान-मोठे पुरवठादार. या सगळ्यांच्या मध्ये जो माल फिरत असतो, त्यातला बराचसा आमच्यासारख्यांच्या गाडीत असतो. आणि गोदामाचं भाडं कुणी देत नाही.

याचा गाडीच्या देखभालीशी काय संबंध? तेच सांगायला उभा आहे.

माझे उस्ताद होते, कुदळवाडीकडे त्यांचं गॅरेज होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे मोठं पाडकाम झालं, त्यानंतर ते गावी गेले. तिथली कितीतरी गॅरेजं, स्क्रॅपची दुकानं उठली आणि माझ्यासारख्यांची जुने पार्ट शोधायची जागाच गेली, ती वेगळी गोष्ट आहे. तर उस्ताद म्हणायचे, कंपनीचं सर्व्हिसचं पुस्तक किलोमीटरवर चालतं, तुझी गाडी तासांवर चालते. रांग दहा-दहा फूट सरकते. प्रत्येक वेळी सेल्फ मारायचा, नाहीतर इंजिन चालू ठेवायचं. काटा पुढे जात नाही, तेल मात्र जुनं होतं. म्हणून माझ्या गाडीचं ऑइल ते पुस्तकातल्या आकड्याच्या बरंच आधी बदलायचे. डिपस्टिकवरचं तेल दोन बोटांत चोळून सांगायचे, आता बास.

तळेगाव चौकात अर्धा क्लच दाबून सरकायची सवय लागते. त्याने क्लच प्लेट खाल्ली जाते. पाय पूर्ण काढा, न्यूट्रल करा, पुढची गाडी दोन गाड्यांची जागा सोडेपर्यंत थांबा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. त्याची प्लेट त्याला, तुमची तुम्हाला. एअर फिल्टर पंधरा दिवसांनी काढून झटका, कारण मिक्सर आणि खडीच्या गाड्यांमागे आपण धूळच खातो. टायर आतल्या बाजूने झिजतोय का ते हाताने चाचपून बघा, झिजत असेल तर अलाइनमेंट गेलीय. खड्ड्यांत ती जातेच. ग्रीसिंग वेळेवर करा. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी ओतू नका, कूलंट टाका. सीएनजी गाडी असेल तर सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी, त्याची पट्टी तपासा. जुनी गाडी घेताना हे कुणी बघत नाही आणि मग पंपावर गॅस भरायला नकार मिळतो.

आणि ब्रेक. ब्रेकचं मी आता सविस्तर सांगतो.

जुलै २०१८. पाऊस लागलेला. उस्तादांनी मागचं डावं चाक उघडून बघितलं आणि म्हणाले, व्हील सिलिंडर गळतंय. वॉशरचं किट टाकू, हवा काढू, दोन तास लागतील. खर्च सगळा मिळून तीनशे रुपये. मी म्हणालो, उद्या येतो. दुसऱ्या दिवशी गेटवर पाच तास गेले, येता येता गॅरेज बंद. त्याच्या दुसऱ्या दिवशी दोन फेऱ्या होत्या, सोडवेनात, कारण आदल्या दिवशी एकच झाली होती. रोज सकाळी डबीत ब्रेक ऑइल ओतायचो आणि निघायचो. असे अकरा दिवस.

अकराव्या दिवशी संध्याकाळी चाकणहून परत येत होतो. हौद्यात नापास झालेला माल. मोशीकडे येताना, इंद्रायणीच्या पुलाच्या अलीकडे, पुढची गाडी थांबली. मी पाय दिला, पेडल खालपर्यंत गेलं. पुढची चाकं थोडी धरली, मागची नाहीच. ओला रस्ता, भरलेली गाडी. गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला, डावीकडे वळवली. डावीकडे एक मुलगा मोटरसायकलवर होता.

एकोणीस वर्षांचा. एका कंपनीत ट्रेनी, सेकंड शिफ्टला चालला होता. घोट्याच्या वर हाड मोडलं.

गर्दी जमली. तुम्हाला ठाऊक आहे, गर्दी जमली की दुसरा प्रश्न नावाचा असतो. एकाने विचारलं, मी सांगितलं. माझं नाव ऐकून एक जण जे बोलला ते मी इथे बोलणार नाही. खरं सांगतो, माझ्या मनात पळायचं आलं. चावी गाडीलाच होती. तेवढ्यात एक वडापाववाला, कपाळाला गंध लावलेला म्हातारा माणूस, ओरडला, “नाव काय विचारताय, आधी पोराला उचला!” मग त्यानेच रिक्षा थांबवली. मी मुलाचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. मोटार वाहन कायद्याचं १३४ वं कलम मी नंतर वाचलं. अपघात झाला तर जखमीला दवाखान्यात नेणं हे चालकाचं कर्तव्य आहे, आणि जमावाच्या रागामुळे ते शक्य नसेल तर, असा अपवादही त्याच कलमात लिहिलेला आहे. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांनाही गर्दी माहीत होती. तो अपवाद मला लागला नाही, ते त्या वडापाववाल्यामुळे.

विमा चालू होता. पासिंग चालू होतं, संपायला नऊ दिवस राहिले होते. नऊ दिवस! मी ती तारीखही पुढे ढकलणारच होतो. दावा अपघात न्यायाधिकरणात गेला, तीन वर्षांनी त्या मुलाला विम्याचे पैसे मिळाले. पण चार महिने तो कामावर नव्हता आणि त्याच्या कंपनीने ट्रेनींच्या यादीतून नाव काढलं. तो आजही थोडा पाय ओढत चालतो. ईदला शीरखुर्मा घेऊन जातो मी त्याच्या घरी. तो मला काका म्हणतो. मला ते ऐकवत नाही.

तीनशे रुपये आणि दोन तास. तीनशे माझ्याकडे होते. दोन तास नव्हते. ते मी गेटवर देऊन आलो होतो.

त्यानंतर पंधरा दिवस मी गाडी काढली नाही. बायको म्हणाली, “तुम्ही दिवसभर कुठे असता ते मला सांगाल का? बारा-तेरा तास बाहेर आणि हातात दीड फेरीचे पैसे, हे गणित मला जुळत नाही.” ती दहावी पास आहे. तिने दोनशे पानी वही आणली, रेघा मारल्या. घरून निघालो कधी, भरायला किती वेळ, गेटवर नंबर कधी लागला, आत कधी गेलो, बाहेर कधी आलो. रोज रात्री ती विचारायची आणि लिहायची. सुरुवातीला मला राग यायचा, पोलिसाला जबाब दिल्यासारखं वाटायचं. तीन महिन्यांनी तिने बेरीज केली. दिवसाला सरासरी तेरा तास घराबाहेर. त्यात चाक फिरतंय असे जेमतेम चार तास. गेटबाहेर उभे असलेले सहा.

सहा तास मी कुणाचं तरी गोदाम म्हणून उभा होतो, आणि माझ्या गाडीला दोन तास नव्हते.

ती वही मी चहाच्या टपरीवर दाखवली. त्याच व्हेंडरचा माल वाहणारे आम्ही आठ जण होतो. दोन खेड तालुक्यातले, एक जालन्याचा, एक बिहारचा, बाकी इकडचे-तिकडचे. सगळ्यांनी वह्या ठेवायला सुरुवात केली. एकाला लिहिता येत नव्हतं, तो गेट पासचे फोटो काढून ठेवायचा. फोटोवर वेळ असते, ते आमच्यापेक्षा पक्कं निघालं. दोन महिन्यांनी आम्ही ट्रान्सपोर्टच्या ठेकेदाराकडे गेलो. भांडायला नाही, वह्या घेऊन. म्हणालो, दोन तास थांबणं फेरीत धरा, त्यापुढच्या प्रत्येक तासाचे दीडशे द्या.

तो आधी म्हणाला, असं कुठे असतं का. मग म्हणाला, तुम्ही मालक आहात, कामगार नाही, तासांचं काय बोलता? हे त्याचं बोलणं अर्धं बरोबर आहे, म्हणून जास्त टोचतं. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला, दिवसाचे आठ तास ठरले. पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या वाहतूक संस्थेला होता. २०२० च्या श्रमसंहितेत तो सामावून घेतला गेला. आम्ही एक गाडी, एक माणूस. मालकही मीच, ड्रायव्हरही मीच, क्लीनरही मीच. मग मी माझ्याविरुद्ध कुठे तक्रार करू?

हमालांनाही एके काळी हेच ऐकवलं जायचं. तुम्ही कुणाचेच कामगार नाही, आज या दुकानात, उद्या त्या. मुंबईत अण्णासाहेब पाटील, पुण्यात बाबा आढाव यांनी त्या माणसांना एकत्र केलं, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. मालक एक नसला तरी मजुरी मंडळात जमा होते, त्यातून सुट्टी, फंड. पाठीवर पोतं घेणाऱ्या माणसाने पोती मोजून हक्क मिळवला. आम्हाला मोजायला पोतं नाही, तास आहेत, आणि ते आम्ही मोजतच नव्हतो.

आमचं काय झालं? सिनेमासारखं काही झालं नाही. ठेकेदाराने दीडशेचे शंभर केले आणि दोन तासांचे तीन. लेखी काही दिलं नाही. आठातल्या दोघांना पुढच्या महिन्यात काम मिळेना, त्यातला जालन्याचा मुलगा नवीन होता, त्याचे हप्ते थकले, गाडी गेली. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण टपरीवर वही पहिल्यांदा मी काढली होती. पण एक झालं. शंभर रुपये तास लागायला लागले तसं व्हेंडरने कंपनीशी बोलून आमच्या गाड्यांना वेळ ठरवून घेतली. सकाळची गाडी आठ ते दहा. रोज पाळली जात नाही, पण सहा तासांचे साडेतीन झाले. उरलेल्या वेळात मी गाडीखाली जातो.

आता भाच्यासाठी. ऐकतोयस ना?

लायसन्सचं आधी. हलक्या वाहनाचं लायसन्स असेल तर साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी चालवायला वेगळ्या शेऱ्याची गरज नाही. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हे सांगितलंय. कुणी ‘बॅच काढून देतो’ म्हणून पैसे मागितले तर देऊ नकोस. पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. तारीख मोबाइलमध्ये लाव, एक महिना आधीची.

“दोन पेट्या जास्त घे रे” असं सुपरवायझर म्हणेल. ओव्हरलोडला दंड वीस हजार, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. आणि कायद्यात चालवणाऱ्याबरोबर तशी गाडी चालवायला लावणाराही येतो. हे वाक्य पाठ कर आणि त्याला हसत हसत ऐकव. पाटा तुटतो तेव्हा सुपरवायझर ढकलायला येत नाही.

ई-श्रमवर नाव घाल. बँकेत वर्षाला वीस रुपयांचा अपघात विमा मिळतो, दोन लाखांचा, तो आजच घे. वीस रुपयांत आता वडापावही एकच येतो.

पैशाचं असं कर. गाडी फिरेल तेवढ्या किलोमीटरला दोन रुपये वेगळ्या डब्यात. महिन्याला दोन हजार किलोमीटर झाले तर चार हजार. ते गाडीचे आहेत, घरचे नाहीत. लग्नासाठी काढायचे नाहीत, तुझ्या स्वतःच्या सुद्धा. (हशा) हप्ता, डिझेल, विमा आणि हे चार हजार बाजूला काढून जे उरेल ते तुझ्या आत्ताच्या पगाराशी ताडून बघ. माझं काही महिने जास्त भरतं, काही महिने कमी. तुला वाटतंय तेवढं ते कधीच नसतं.

आणि शरीर. लघवी दाबून बसायची सवय लागते, कारण रांग सोडली की नंबर जातो. माझा एकदा मुतखड्याचा इलाज झालाय, दोघा मित्रांचा झालाय. रमजानमध्ये मे महिन्यात तापलेल्या केबिनमध्ये रोजा धरून पाच तास बसलोय मी, आणि त्या वेळी पुढच्या गाडीतल्या पाव्हण्याने माझा नंबर धरून ठेवला म्हणून इफ्तारला पाणी आणू शकलो. कमरेचा पट्टा आतापासून बांध. चाळिशीत बांधून उपयोग नसतो, हे मी चाळिशीत शिकलो.

म्हणजे घेऊ की नको? माझं म्हणणं असं आहे. काम मिळेल म्हणून घेऊ नकोस. आधी ज्याचा माल वाहणार आहेस त्याच्या गेटवर आठ दिवस जाऊन बस. नुसता बस. किती वाजता गाडी आली, किती वाजता आत गेली, लिहून आण. ते कागद घेऊन तुझ्या मामीकडे ये, बेरीज ती करेल. मग ठरवू. आणि थांबण्याचा पैसा भाड्यात धरल्याशिवाय पहिली फेरी टाकू नकोस. पहिल्या फेरीला जे चालवून घेतलंस तेच पुढची दहा वर्षं चालतं.

बोलणं लांबलं. प्रश्न विचारा, पण ते बाहेर विचारा. गाडी खाली उभी आहे, मी बोनेट उघडून ठेवतो आणि मागचं एक चाकही काढतो. व्हील सिलिंडर गळतंय की नाही हे कसं ओळखायचं ते दाखवतो. पोरींनीही या, नुसती पोरंच कशाला. आणि कुणीतरी मोबाइलची बॅटरी धरा, अंधार पडायला लागलाय.